गोठे कोणी पाडले? बल्गेरियातल्या एका गावाची केस

गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हिवाळ्यात तिथे जेमतेम चाळीस माणसं असतात आणि नाव दिलं की कोणाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल. वायव्य बल्गेरिया, विदिन प्रांत, बेलोग्रादचिकच्या लाल खडकांपासून गाडीने अर्ध्या तासावर, एवढं पुरे. सोफियात दोन वर्षं कामाला होतो तेव्हा ऑफिसातल्या मित्राबरोबर त्याच्या आजीकडे गेलो होतो, विदिनच्या ट्रेनने ओरेशेत्स स्टेशनपर्यंत आणि तिथून कोणाच्या तरी जुन्या गाडीतून. बल्गेरियनमध्ये आजीला 'बाबा' म्हणतात. त्यावरून आमच्या घरी फोनवर धमाल झाली, मी म्हटलं बाबांनी जेवायला वाढलंय आणि आई म्हणे कोणाचे बाबा.

तर गावात शिरायच्या आधी डाव्या हाताला पाच लांबच लांब इमारती लागतात. छप्पर नाही, खिडक्या नाहीत, दारांच्या जागी नुसती भोकं, मधे पाण्याची टाकी गंजून एका पायावर वाकलेली, आणि आतून एल्डरबेरीची झुडपं भिंतींच्या वर आलेली. मी भराभर फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले, 'कम्युनिस्ट राजवटीचे अवशेष'. मित्राने विचारलं काय लिहिलंस, मी सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "हे कम्युनिस्टांनी नाही पाडलं, आमच्या आजोबांनी पाडलं. म्हणजे एकट्याने नाही, अख्ख्या गावाने. आपण आज ज्या घरात झोपणार ना, त्याच्यावरची कौलं इथलीच आहेत."

इथून माझी केस सुरू झाली. बल्गेरियात कम्युनिस्ट काळाचा वारसा बघायचा म्हणजे सगळे बुझ्लुद्झाला जातात, डोंगरमाथ्यावरची ती १९८१ सालची काँक्रीटची तबकडी बघायला, मीही गेलोय, फोटो भारी येतात. पण असे मोडके गोठे जिकडे जाल तिकडे, गावोगाव दिसतात आणि त्यांच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही. ट्रेनमधून बघणारा प्रत्येक जण माझ्यासारखाच विचार करत असणार, की राजवट गेली तिच्याबरोबर हेही गेलं. तसं नाहीये. हे गोठे १९८९ ला धडधाकट होते, भरलेले होते, आणि १९९३ च्या शेवटी त्यांच्यावर छप्पर नव्हतं. मधल्या चार वर्षांत काय झालं ते मी दोन मुक्कामांत विचारत बसलो. थोडं बाबाकडून कळलं, थोडं मित्राच्या आईकडून, आणि बाकीचं नंतर सोफियात कायदा वाचून.

आधी ही जागा काय होती ते सांगतो. तिला म्हणायचे तेकेझेसे, म्हणजे सहकारी कामगार-शेती संस्थेचं आद्याक्षरांचं नाव. सहकारी हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यासमोर साखर कारखाना, दूध संघ, चेअरमनची पांढरी गाडी येते, तसलं नव्हे. इथे जमीन, बैल, नांगर, गाडी सगळंच संस्थेत घालायचं आणि मग तिथेच कामाला जायचं. ९ सप्टेंबर १९४४ ला सत्ता गेली कम्युनिस्टांच्या आघाडीकडे, १९४५ मध्ये या संस्थांचा कायदा आला, सुरुवातीला सगळं 'स्वेच्छेने'. शेतकऱ्यांचा मोठा पक्ष होता, त्याचे नेते निकोला पेत्कोव, त्यांना १९४७ मध्ये फाशी दिली, त्यानंतर स्वेच्छेला कितपत अर्थ उरला ते ओळखा. १९५०-५१ मध्ये याच भागात, कुलाच्या आसपासच्या गावांत लोकांनी बंड केलं, संस्थेत घातलेली जनावरं दावी सोडून परत घरी नेली. ते मोडून काढलं. १९५८ पर्यंत बल्गेरियाने जाहीर करून टाकलं की आमच्याकडे शेतीचं सामुदायिकीकरण पूर्ण झालं, सोव्हिएत युनियननंतर पहिला नंबर आमचा.

बाबा तेव्हा दहा-अकरा वर्षांची. मी विचारलं, तुमच्या वडिलांनी जमीन आपणहून दिली का? तिने जीभ टाळूला लावून 'चक्' केलं आणि मान वर उडवली. याचं भाषांतर करायची गरजच पडली नाही, आपल्याकडेही नाही म्हणायला तस्संच करतात. बैलाचं नाव मात्र तिने लगेच सांगितलं, बेल्चो, म्हणजे पांढरा असलेला, आपला ढवळ्याच. ढवळ्या संस्थेच्या गोठ्यात गेला तरी संध्याकाळी सुटला की यांच्याच फाटकाशी येऊन उभा राहायचा, आणि वडील त्याला परत नेऊन सोडायचे. पुढे तो कुठे गेला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता ज्यांच्याकडे जमीन आहे त्या वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. कागदावर जमीन सरकारने घेतलीच नव्हती. सोव्हिएत युनियनमध्ये जमीन राष्ट्राची झाली, बल्गेरियात ती नावाला मूळ मालकाचीच राहिली. काही वर्षं तर संस्था त्या जमिनीचा खंडही देत होती, मग तो बंद झाला. पण बांध नांगरून टाकले. इथली मोजणी देकारमध्ये चालते, एक देकार म्हणजे हजार चौरस मीटर, जवळजवळ दहा गुंठे. बाबाच्या सासरची जमीन २७ देकार, म्हणजे साडेसहा एकराच्या थोडी वर, ती नऊ तुकड्यांत विखुरलेली होती, एक ओढ्याकडे, एक टेकडीच्या पोटात, दोन द्राक्षाची. ट्रॅक्टरने ते सगळं एक सपाट वावर केलं. म्हणजे मालक आहे, सातबारा आहे असं धरून चाला, आणि बांधच नाही. हा तिढा चाळीस वर्षं झोपला होता, कोणाला त्रास नव्हता.

आणि झोपला होता तेव्हा संस्था चालली, हे पण सांगायला हवं. बाबा ३१ वर्षं तिथे दूध काढायला होती. पहाटे चारला उठायचं, हिवाळ्यात गुडघाभर बर्फातून, पण पगार, नंतर पेन्शन, बालवाडी, गावात डॉक्टर, सिनेमाचा हॉल. हे बोलताना ती सारखी डावीकडून उजवीकडे मान हलवत होती आणि मी वहीत लिहिलं 'या सोयी नव्हत्या म्हणते', मग मित्राने वही बघून कपाळाला हात लावला, कारण अशी मान हलवली की इथे तो होकार असतो. अर्थात याच सोयीच्या काळात गाव रिकामंही व्हायला लागलं होतं. १९४६ मध्ये देशातले साधारण चौथाई लोक शहरात राहायचे, १९८५ पर्यंत जवळजवळ दोन तृतीयांश. बाबाची दोन्ही पोरं विदिनच्या कारखान्यात लागली. शेत यंत्रावर गेलं, पोरं शहरात गेली, गावात राहिले ते पन्नाशीचे. तोडणारे हात पुढे म्हातारे का होते, त्याचं कारण इथे आहे.

१० नोव्हेंबर १९८९ ला तोदोर झिव्कोव गेला, १९५४ पासून पक्षाच्या मुख्य खुर्चीत बसलेला माणूस. गावात त्या दिवशी काही झालं नाही, गाईंचं दूध नेहमीच्या वेळी काढलं. जून १९९० च्या निवडणुकीत तर नाव बदललेले जुने कम्युनिस्टच जिंकले, ४०० पैकी २११ जागा, आणि त्यांना तारलं ते मुख्यतः गावांनी. विरोधकांनी यातून जो धडा घेतला तिथे या केसची खरी गाठ आहे. त्यांचं म्हणणं असं की गावात जोवर तेकेझेसेचा चेअरमन बसलाय, ट्रॅक्टर त्याच्या हातात, चारा त्याच्या हातात, तोवर मतंही त्याच्याच हातात. अगदी चुकीचं नव्हतं ते. आपल्याकडे ज्याने सोसायटीची निवडणूक जवळून बघितलीय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

फेब्रुवारी १९९१ मध्ये जमीन परत देण्याचा कायदा झाला. ऑक्टोबर १९९१ ला विरोधक थोडक्यात निवडून आले, फिलिप दिमित्रोव पंतप्रधान झाले, आणि १९९२ च्या सुरुवातीला त्या कायद्यात दुरुस्ती करून ठरवलं की या संस्था सुधारायच्या नाहीत, बंदच करायच्या. प्रत्येक संस्थेवर सरकारने एक लिक्विडेशन कौन्सिल नेमलं. गावात त्यांना अजूनही 'लिक्विदातोरी' म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. या मंडळींचं काम म्हणजे जंगम मालमत्ता, इमारती, जनावरं यांची किंमत लावायची आणि सभासदांत वाटायची. जमिनीचं काम वेगळ्या खात्याकडे, भूमी आयोगाकडे, तालुक्याच्या पातळीवर. म्हणजे एकाच घराची वाटणी दोन ऑफिसं करतायत, आणि त्यांची घड्याळं वेगळी.

माझ्या मते सगळं बिघडलं ते या घड्याळांमुळे. गोठे, गाई, ट्रॅक्टर यांची वाटणी एक-दोन वर्षांत उरकली. जमीन जिथे जुन्या हद्दी सापडत होत्या तिथे जुन्या हद्दीत द्यायची, जिथे नव्हत्या तिथे नवीन आराखडा करून तेवढंच क्षेत्र द्यायचं, आणि त्याला देशभरात २००० साल उजाडलं. बाबाच्या घरात पक्का कागद आला १९९८ ला. गाय आली १९९२ ला. मधली सहा वर्षं गाईने काय खायचं, हा प्रश्न कायद्यात कुठेच नव्हता.

वाटणी कशी झाली ते मित्राच्या आईने नीट सांगितलं, ती तेव्हा तिशीत होती आणि विदिनहून मुद्दाम आली होती. ज्याने जितकी जमीन घातली आणि जितकी वर्षं काम केलं त्याप्रमाणे प्रत्येक कुटुंबाला हिश्श्याचे कागद मिळाले. मग लिलाव. पैसे नाही चालायचे, कागद चालायचे. गोठ्यासमोरच्या वजनकाट्याजवळ टेबल मांडलं होतं, एकेक गाय बाहेर आणायची, कानातला नंबर वाचायचा आणि लोकांनी कागद वर करायचे. बाबाला कुठली गाय किती दूध देते, कुठली लाथ मारते सगळं पाठ, त्यामुळे तिने बरोबर हवी ती उचलली, आणि शेजारीण जिने कधी गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं तिला भाकड मिळाली, त्यावरून दोघी पुढे तीन वर्षं बोलत नव्हत्या. ट्रॅक्टर मात्र एकाही साध्या कुटुंबाला मिळाला नाही. एका घराच्या कागदात ट्रॅक्टर बसत नव्हता, आणि ज्यांना आधीपासून ठाऊक होतं की काय केव्हा लिलावाला निघणार त्यांनी म्हाताऱ्यांचे कागद बऱ्याच आधी स्वस्तात गोळा केले होते. त्यातले काही जुन्या संस्थेतलेच साहेब लोक.

बाबाच्या घराने आणि तीन शेजाऱ्यांनी उरलेले कागद एकत्र करून एक गोठा घेतला. अख्खा गोठा, दोनशे गाईंचा. आणि चौघांच्या मिळून गाई होत्या चार.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? मी बराच वेळ यावर घोळत राहिलो. पर्याय नव्हते असं नाही. गोठा एकत्र चालवायचा, तर चारा लागतो, चाऱ्याला जमीन, जमीन आयोगाच्या कपाटात. दूध नेणारा टँकर संस्थेच्या मोठ्या टाकीसाठी यायचा, चार गाईंच्या दोन बादल्यांसाठी येणार नव्हता. दूध काढायच्या मशीनचे पंप वेगळ्या लॉटमध्ये विकले गेले होते, वीजबिल कोणाच्या नावावर ते कोणालाच माहीत नाही. गोठा तसाच राखून ठेवायचा, तर रात्री राखण कोण करणार. पहिल्या हिवाळ्यातच कोणीतरी तारा कापून नेल्या, मग पाइप गेले, मग दारं गेली. आजोबा म्हणाले, चोराने नेण्यापेक्षा आपण नेलेलं बरं. १९९३ च्या उन्हाळ्यात चार घरांनी मिळून कौलं उतरवली, मोजून चार ढीग केले, मग वासे, मग विटा जेवढ्या शाबूत निघाल्या तेवढ्या. या वाटणीत भांडण झालं नाही हे मित्राच्या आईने दोनदा सांगितलं. बाकीच्या चार गोठ्यांचंही तेच झालं, महिनाभराच्या अंतराने.

बाहेरून बघणारा म्हणणार की लोकांनी आपलंच वाटोळं केलं, मूर्खपणा. मला तो मूर्खपणा वाटत नाही. प्रत्येक घराने आपापल्या जागी बरोबर हिशोब केला, आणि सगळ्या बरोबर हिशोबांची बेरीज म्हणजे त्या पाच भिंती. ज्याचा तुकडा करता येत नाही अशा वस्तूचे तुकडे करायला लावले की शेवटी तुकडेच हातात येतात. खातेफोडीत विहीर कोणाच्या वाट्याला यावरून डोकी फुटलेली आपण बघतोच, पण तिथे निदान विहिरीत पाणी तरी असतं.

गाईचं म्हणाल तर बाबाची गाय १९९६ पर्यंत टिकली, आणि गेली ती काही बाबाच्या नाकर्तेपणाने नाही. रस्त्याच्या कडेचं गवत कापून घालत होती. बाकीच्यांच्या बहुतेक पहिल्या दोन हिवाळ्यांतच कत्तलीला गेल्या. नुसत्या या गावात नाही. देशभरात ८० च्या दशकाच्या शेवटी ८० लाखांच्या वर मेंढ्या होत्या, ९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या ४० लाखांच्याही खाली आल्या, गाई-बैल निम्म्याहून कमी झाले. आणि १९९६-९७ चा हिवाळा तर असा आला की धान्य पिकवणाऱ्या या देशात ब्रेडला रांगा लागल्या, बँका बुडाल्या, पगार महिन्याच्या महिन्याला कागद होत गेला. तेव्हा मित्राचं कुटुंब विदिनहून परत गावी येऊन सहा महिने राहिलं, कारण इथे बटाटे होते. तो तेव्हा चार वर्षांचा, त्याला तो काळ सुट्टीसारखा आठवतो.

एक गोष्ट या सगळ्याच्या विरोधात जाते ती सांगितली पाहिजे. दहा-बारा किलोमीटरवर दुसरं गाव आहे, तिथले दोन गोठे अजून उभे आहेत. तिथे वाटणीच्या आधीच सत्तर-ऐंशी घरांनी ठरवलं की कागद एकत्र ठेवायचे, नवीन सहकारी संस्था काढायची, आणि लिलावात एकानेच बोली लावायची. कायद्यात तशी मुभा होती, देशात अशा बऱ्याच नव्या संस्था निघाल्या आणि काही आजही चालतात. मी बाबाला विचारलं, तुम्ही का नाही केलं तसं? ती म्हणाली, चाळीस वर्षं आम्हाला एकत्र ठेवलं होतं, पुन्हा कोण एकत्र येणार. मला वाटतं जुन्या राजवटीचा गोठ्यांशी काही संबंध असलाच तर तो एवढाच. तिने इमारती पाडल्या नाहीत, पण एकत्र या म्हटलं की अंगावर काटा यावा अशी सवय मात्र लावून गेली, ज्यांना मारून मुटकून सहकारी केलं ते खरोखर गरज पडली तेव्हा सहकाराला तयार होईनात. कुलाकडच्या बंडाची आठवण या गावात जास्त ताजी आहे, त्या दुसऱ्या गावात तेवढी नाही असं मित्राच्या आईचं मत. मी फक्त नोंदवतोय.

आत्ताची परिस्थिती थोडक्यात. २७ देकार जमीन बाबाच्या नवऱ्याच्या नावाने परत मिळाली, नवरा गेला, वारस सात. दोन स्पेनमध्ये, एक जर्मनीत, एक सोफियात, बाकी विदिन. कोणी कसत नाही. गावातली जवळपास सगळी जमीन एक आरेन्दातोर कसतो, म्हणजे खंडाने घेणारा, तो पूर्वी याच तेकेझेसेत अ‍ॅग्रोनॉमिस्ट होता. २००७ ला देश युरोपियन युनियनमध्ये गेला, तेव्हापासून अनुदान क्षेत्रावर मिळतं, जेवढे हेक्टर तेवढे पैसे, त्यामुळे गहू आणि सूर्यफूल, सूर्यफूल आणि गहू, गाय पाळायच्या भानगडीत कोण पडेल. बांध पुन्हा नांगरले गेलेत, या वेळी भाडेकराराने. टेकडीवरून बघितलं तर आज जे एकसंध वावर दिसतं ते मित्राच्या आईच्या मते १९८० मध्ये होतं अगदी तसंच आहे, फक्त तेव्हा त्यात माणसं दिसायची.

विदिन प्रांतात २००१ च्या जनगणनेत १ लाख ३० हजार लोक होते, २०२१ मध्ये ७५ हजार. गावात प्रत्येक फाटकावर, विजेच्या खांबावर, बंद दुकानाच्या दारावर ए-फोर कागद चिकटवलेत, मेलेल्या माणसाचा फोटो आणि खाली मजकूर, चाळीस दिवस झाले, सहा महिने झाले, पाच वर्षं झाली. याला नेक्रोलॉग म्हणतात. नवीन माणसाला वाटेल निवडणुकीची पोस्टर्स आहेत, मला तसंच वाटलं होतं. मित्र चालता चालता वाचत होता, हा लिलावात होता, ही बोलत नव्हती ती शेजारीण, हा लिक्विदातोर.

खंडाचं मात्र बाबाला कौतुक आहे. पैसे घ्या नाहीतर माल घ्या असा पर्याय असतो, ती दोन्ही थोडं थोडं घेते. पिठाचं पोतं आणि सूर्यफुलाचं तेल, जिन्याखाली ओळीने बाटल्या लावलेल्या होत्या. अंगणात काँक्रीटची एक लांब गव्हाण आहे, गोठ्यातली, त्यात तिने लाल जिरेनियम लावलंय. कोंबड्यांच्या खुराड्यावर सिमेंटचा पत्रा, तोही तिथलाच. हिश्श्याच्या कागदांपैकी तीन खर्च न झालेले अजून बिस्किटाच्या डब्यात आहेत, तिने दाखवले, शिक्का स्पष्ट वाचता येतो. त्याचं आता काय होणार विचारलं तर मित्राने खांदे उडवले आणि तिने डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी एक काम निघालं. हिवाळ्यात बर्फाने स्वयंपाकघरावरची काही कौलं फुटली होती, पाणी आत येत होतं. या मापाची कौलं आता कुठे मिळत नाहीत म्हणे. मित्र म्हणाला चल, आणि आम्ही हातगाडी घेऊन त्या पाच भिंतींकडे गेलो. तिसऱ्या गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात, झुडपाखाली, कोणीतरी नेताना राहून गेलेला ढिगारा आहे, गावाला माहीत आहे तो. अर्धा तास उकरून नऊ चांगली निघाली, एक मी उचलताना फुटलं. मग तो शिडीवर चढला, आणि मी खाली उभा राहून त्याला कौलं देत होतो.